संमोहन : कांदोळीहून वऱ्हाडापर्यंत

पणजीला मांडवीच्या काठावर, जुन्या सचिवालयाच्या (म्हणजे आदिलशहाच्या राजवाड्याच्या) अगदी शेजारी एक पुतळा आहे. लांब झग्यातला एक पाद्री, पुढे ताणलेले हात, आणि त्याच्यासमोर मागे कललेली, भान हरपलेली एक बाई. ऑफिसातली गँग घेऊन गोव्याला गेलेल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेला असतो. काहींनी त्याच्यासारखे हात करून फोटोही काढलेला असतो. हा कुणीतरी मांत्रिक असणार, नाहीतर भूत उतरवणारा असणार, अशी बहुतेकांची समजूत होते आणि मंडळी पुढे बोटीच्या तिकिटाकडे वळतात.

हा माणूस म्हणजे आबे फारिया. जोझे कुस्तोदियो दे फारिया. जन्म ३१ मे १७५६, गाव कांदोळी, तालुका बार्देश. गंमत अशी की पुतळ्यात जे दाखवलंय, म्हणजे हातातून काहीतरी शक्ती निघतेय आणि समोरची बाई त्या शक्तीनं पडतेय, नेमकं तेच खोटं आहे असं हा माणूस आयुष्याच्या शेवटापर्यंत ओरडून सांगत होता! रामचंद्र पांडुरंग कामतांचं शिल्प म्हणून पुतळा झकासच आहे, १९४५ साली तो उभारला गेला. पण फारियाचा मुद्दा त्यात नाही.

तो मुद्दा काय होता, आणि त्याचा आमच्या अकोला-अमरावतीशी काय संबंध, हेच आज सांगायचंय. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी शब्दाबद्दल. 'संमोहन' म्हटलं की वऱ्हाडात आजही दोन गोष्टी आठवतात. एक, गणपतीत किंवा शाळेच्या हॉलमध्ये होणारा जादूचा प्रयोग. पोरांना स्टेजवर बोलावायचं आणि कांद्याला सफरचंद म्हणून खायला लावायचं. दुसरी, वशीकरण. बस स्टँडच्या मागच्या भिंतीवर चिकटवलेली ती 'चोवीस तासांत काम'वाली पत्रकं. दोन्हीत गृहीत एकच आहे : कुणीतरी दुसरा आपल्या डोक्याचा ताबा घेतो. आमच्या भाषेत सांगायचं तर अॅडमिनचा पासवर्ड चोरतो. मग समुपदेशक 'आपण संमोहनाचा थोडा उपयोग करून बघू' असं म्हणाला की समोरचा माणूस घाबरणारच. 'मले काय येडा समजता काय?' हा पहिला प्रश्न, आणि 'मी झोपेत काई बोलून गेलो तं?' हा दुसरा.

हे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत बरं का. अडीचशे वर्षांपूर्वी युरोपातले मोठमोठे विद्वान हेच विचारत होते.

१७७५ च्या सुमारास दक्षिण जर्मनीत गासनर नावाचा एक पाद्री गावोगाव फिरून लोकांची भुतं उतरवत असे. हजारोंची गर्दी. त्याच वेळी फ्रान्झ मेस्मर नावाच्या व्हिएन्नातल्या डॉक्टरानं जाहीर केलं की यात भूतबित काही नाही, सगळ्या विश्वात एक अदृश्य द्रव भरलाय आणि तो शरीरात अडला की आजार होतो. गासनर नकळत तोच द्रव वाहता करतोय, म्हणे. म्हणजे भूत गेलं आणि त्याच्या जागी द्रव आला. त्या काळात ही प्रगतीच म्हणायची, कारण भुताला हाकलण्यासाठी माणसाला छळावं लागतं, द्रवासाठी लागत नाही.

मेस्मर १७७८ मध्ये पॅरिसला आला आणि तुफान चालला. लाकडी पिंप, त्यातून बाहेर आलेल्या लोखंडी सळया, सळयांना धरून बसलेले श्रीमंत लोक, मंद संगीत, आणि मधूनच कुणाला तरी झटके. शेवटी १७८४ साली राजा सोळाव्या लुईनं चौकशी समिती नेमली. समितीत बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लावोइझिए, आणि ज्याचं नाव पुढे एका यंत्राला चिकटलं तो डॉक्टर गिलोटिनसुद्धा! या लोकांनी जे केलं ते वाचून कुठलाही टेस्टिंगवाला खूष होईल. पासी इथल्या फ्रँकलिनच्या बागेत एका झाडाला 'चुंबकीय' केलं आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेलं. तो चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला. आणि ते झाड साधंच होतं, मंतरलेलं नव्हतं! समितीचा निष्कर्ष : द्रव नाही. जे होतंय ते कल्पनेनं होतंय.

झालं, प्रकरण निकालात. पण इथे एक प्रश्न सुटला आणि दुसरा तसाच राहिला. मुलगा खोटं पडला नव्हता, खरंच बेशुद्ध झाला होता. 'नुसत्या कल्पनेनं' माणूस कोसळू शकत असेल, तर त्याच कल्पनेनं तो उभाही राहू शकेल का? समितीनं हे विचारलं नाही. बग पुन्हा घडवून दाखवला, कारण लिहिलं आणि तिकीट बंद केलं.

त्याच वर्षी बुझांसी गावात मार्की दे पुईसेगूर नावाच्या जमीनदारानं आपल्याकडच्या एका शेतकऱ्यावर प्रयोग केला. व्हिक्टर रास, वय तेवीस, छातीच्या दुखण्यानं बेजार. त्याला झटके आलेच नाहीत. तो शांत झोपल्यासारखा झाला, पण बोलत होता, प्रश्नांना नीट उत्तरं देत होता, स्वतःच्या अडचणींबद्दल मोकळेपणानं सांगत होता. एरवी मालकासमोर ज्याचं तोंड उघडायचं नाही तो गडी! आरडाओरडा, झटके, छळ यांशिवायही आतली गाठ सुटू शकते, हे इथे पहिल्यांदा नीट दिसलं. हा शेतकरी लक्षात ठेवा. या इतिहासात शेतकरी सारखा भेटत राहतो.

आता आपला गोवेकर. फारियाचं घर म्हणजे नाटकच. आईवडिलांनी सहमतीनं वेगळं व्हायचं ठरवलं, आई जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात जोगीण झाली आणि वडील काएतानो व्हितोरिनो पाद्री झाले. १७७१ मध्ये पंधरा वर्षांच्या पोराला घेऊन ते लिस्बनला पोचले. तिथून रोम, तिथे धर्मशास्त्राची डॉक्टरेट. मग लिस्बनमधली ती प्रसिद्ध आख्यायिका : राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिल्यावर या तरुणाची जीभच टाळ्याला चिकटली. खाली बसलेले वडील कोंकणीत हळूच म्हणाले, ही सगळी भाजी रे, कातर ही भाजी! आणि गाडी सुरू झाली. गोष्ट घडली तशीच घडली की नाही, देव जाणे. गोव्यात ती घरोघरी सांगतात. पण मला ती आवडते, कारण त्यात संमोहनोपचाराचा अख्खा मसुदा आहे. वडिलांनी मुलाला शक्ती दिली नाही. समोरचं दृश्य बघायची वेगळी रीत दिली, त्याच्या स्वतःच्या भाषेत, चार शब्दांत. बाकीचं काम त्यानं स्वतः केलं.

१७८७ मध्ये गोव्यात पिंटोंचा उठाव फसला, लिस्बनमध्ये वडिलांना अटक झाली, आणि फारिया १७८८ मध्ये पॅरिसला गेला. पुढच्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती. पठ्ठ्या तिच्यातही उतरला, १७९५ च्या गडबडीत एका तुकडीच्या पुढे होता. नंतर मार्सेय आणि नीम इथे तत्त्वज्ञान शिकवलं. १८१३ साली पॅरिसला परत येऊन क्लिशी रस्त्यावर त्यानं 'जागृत निद्रे'चे जाहीर वर्ग सुरू केले.

पद्धत साधी. खुर्चीत आरामात बसा. डोळे मिटा. मन एकाग्र करा, झोपेचा विचार करा. मग तो शांत, ठाम आवाजात म्हणायचा, 'झोपा!' ना पिंप, ना सळया, ना चुंबक. आणि वर सांगायचा की माझ्यात काही विशेष नाही. द्रव नाही, चुंबक नाही, माझी इच्छाशक्ती नाही. जे होतंय ते तुमच्या आत, तुमच्या एकाग्रतेनं होतंय. मी फक्त निमित्त.

विचार करा, व्यवसायाच्या दृष्टीनं हे केवढं घातक वाक्य आहे! तुमच्याकडे काही शक्ती नसेल तर लोक तुमच्याकडे यायचे कशाला? मेस्मरचे अनुयायी चिडले, कारण त्यानं त्यांचा द्रव काढून घेतला. चर्चचे लोक चिडले, कारण त्यांना यात सैतान दिसला. विज्ञानवाल्यांनी त्याला भोंदू ठरवलं. १८१६ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर त्याची टर उडवणारं नाटक आलं आणि वर्गाला येणारे लोक आटले. २० सप्टेंबर १८१९ ला तो गेला. त्याच वर्षी त्याचं पुस्तक निघालं, ते त्यानं पुईसेगूरला अर्पण केलंय. मोंमार्त्रमधल्या त्याच्या थडग्यावर नावसुद्धा नाही. पुढे अलेक्झांडर द्यूमानं 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'मध्ये तुरुंगातल्या शहाण्या कैद्याला त्याचं नाव दिलं (आणि त्याला इटालियन करून टाकलं), म्हणून नाव तरी उरलं.

फारियाचं सगळंच बरोबर होतं असं नाही. काही लोक पटकन त्या अवस्थेत जातात कारण त्यांचं रक्त पातळ असतं, असं त्याचं मत होतं. ते चुकलं. पण मुख्य गोष्ट, म्हणजे काम कोण करतं, ही त्याची अचूक होती. भूत करत नाही, द्रव करत नाही, संमोहन करणारा करत नाही. खुर्चीत बसलेला माणूस करतो. १९०६ मध्ये डॉ. डालगाद या गोवेकरानं आणि १९२५ मध्ये एगाश मोनिश या पोर्तुगीज डॉक्टरानं (याला पुढे नोबेलही मिळालं) फारियावर पुस्तकं लिहून हे श्रेय त्याच्या नावावर मांडलं.

मधल्या काळात भारतातही एक प्रकरण घडलं. बंगालमधल्या हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश डॉक्टर होता. ४ एप्रिल १८४५ ला त्यानं वेदनेनं तळमळणाऱ्या एका कैद्यावर मेस्मरची रीत वापरली आणि भूल न देता शस्त्रक्रिया केली. द्यायला भूल नव्हतीच तेव्हा! पुढे अशा शेकडो शस्त्रक्रिया झाल्या. तासन् तास रोग्याच्या अंगावरून हात फिरवायचं काम त्याचे हिंदुस्थानी मदतनीस करत. १८४६ मध्ये कलकत्त्यात सरकारनं त्याला प्रयोगासाठी एक रुग्णालयही दिलं. पण त्याच वर्षी ईथर आलं, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म. काही मिनिटांत, कुणालाही, हमखास बेशुद्ध करणारं औषध मिळाल्यावर तासभर हात कोण फिरवणार? एस्डेल हरला आणि ते योग्यच झालं. जिथे औषध जास्त चांगलं चालतं तिथे औषधच द्यावं. संमोहनाची खरी जागा दुसरी होती, आणि ती सापडायला अजून वेळ होता.

मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडनं १८४३ च्या पुस्तकातून 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ केला, ग्रीकांच्या निद्रादेवावरून. नंतर त्यालाच वाटलं की हा शब्द दिशाभूल करतो, कारण ही झोप नाहीच, मन एका कल्पनेवर स्थिर होणं आहे. शब्द बदलायचा त्यानं प्रयत्न केला, पण तोवर उशीर झाला होता. एकदा एपीआय बाहेर गेली की नाव बदलता येत नाही, हा नियम तेव्हापासूनचा :)

मग फ्रान्सच्या नान्सी शहराजवळचा लिएबो नावाचा खेड्यातला डॉक्टर. याचे रोगी म्हणजे शेतकरी. त्यानं त्यांना पर्याय दिला : नेहमीची औषधं हवी तर फी, संमोहन हवं तर फुकट. शेतकरी तो शेतकरीच, फुकटाकडे वळला. वर्षानुवर्षं हा माणूस ओसरीवर बसल्यासारखा एकेकाशी शांतपणे बोलत राहिला. १८८२ मध्ये नान्सीचा प्राध्यापक बर्नहाइम त्याच्याकडे आला आणि त्याचा शिष्यच झाला. सगळी किमया 'सूचने'ची आहे हे बर्नहाइमनं मांडलं आणि हे आपल्याआधी फारियानं ओळखलं होतं, हेही मान्य केलं. १८९१ च्या त्याच्या पुस्तकाच्या शीर्षकातच 'सायकोथेरपी' हा शब्द आहे. म्हणजे आज आपण ज्याला मानसोपचार किंवा समुपदेशन म्हणतो, त्याची एक मुळी थेट कांदोळीच्या मातीपर्यंत जाते.

फ्रॉइडही १८८९ मध्ये नान्सीला जाऊन आला. पण त्यानं पुढे संमोहन सोडलं आणि रोग्याला मोकळेपणानं बोलू द्यायची रीत धरली. त्याच्या दबदब्यामुळे संमोहन पुन्हा मागे पडलं, जादूगारांच्या हाती गेलं. १९५५ मध्ये ब्रिटनच्या आणि १९५८ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेनं त्याला उपचारातलं साधन म्हणून मान्यता दिली, तेव्हा ते परत दवाखान्यात आलं.

आणि आलं ते बदलून आलं. हा बदल मुख्यतः मिल्टन एरिक्सन (१९०१-१९८०) या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचा. हाही शेतकऱ्याचा पोरगा, सतराव्या वर्षी पोलिओनं लुळा पडलेला. लहानपणचा एक किस्सा तो सांगायचा. थंडीत वडील वासराला गोठ्यात ओढत होते आणि वासरू पाय रोवून मागे ओढत होतं. पोरगं हसायला लागलं. वडील म्हणाले, मग तूच ने. पोरानं जाऊन वासराची शेपटी धरली आणि मागे ओढली. वासरू ताडकन पुढे, वडिलांसकट गोठ्यात!

ज्यानं गोऱ्हा दावणीला बांधलाय त्याला हा किस्सा समजावून सांगावा लागत नाही. एरिक्सननं 'झोपा!' हा हुकूमच काढून टाकला. तो गोष्टी सांगायचा, माणसाच्या स्वतःच्या शब्दांत बोलायचा, विरोध असेल तर तो विरोधच वापरायचा. 'डोळे मिटा'च्या जागी 'हवे तर मिटा, हवे तर उघडे ठेवा' आलं. फारियानं शक्ती संमोहकाकडून काढून घेतली होती, एरिक्सननं त्याचा हुकूमही काढून घेतला. संमोहनोपचाराला समुपदेशनातली सौम्य वाट म्हणतात ती या अर्थानं.

आज चांगल्या समुपदेशकाकडे प्रत्यक्षात काय होतं? पहिली एक-दोन सत्रं नुसतं बोलणं. काय त्रास आहे, कधीपासून, झोप कशी, औषधं कोणती, घरी कोण. मग संमोहन म्हणजे काय आणि काय नाही हे समजावून सांगणं आणि संमती. मग श्वासाकडे लक्ष, अंग सैल सोडणं, एखादं ओळखीचं शांत दृश्य. कुणाला समुद्र चालतो, कुणाला मेळघाटातला पाऊस, कुणाला आजीच्या घरची ओसरी. लक्ष एका जागी आलं की ठरलेल्या अडचणीबद्दल सूचना, माणसाशी बोलून ठरवलेल्याच. शेवटी सावकाश परत, आणि घरी स्वतः करायचा सराव. पूर्ण वेळ माणसाला ऐकू येत असतं. मनात नसेल ते तो बोलत नाही. नको वाटलं तर डोळे उघडून उठू शकतो. एसटीत खिडकीशी बसून मूर्तिजापूर कधी गेलं ते कळलं नाही, असं होतं ना? त्याच जातीची अवस्था आहे ही, फक्त हेतुपुरस्सर आणली जाते.

सगळ्यांना ती सारखी जमत नाही. १९५९ मध्ये स्टॅनफर्डला वाइट्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी ती मोजायची पट्टी तयार केली. तेव्हापासून दिसतंय की थोडे लोक फार सहज जातात, थोडे जवळजवळ जातच नाहीत आणि बहुतेक मधले. न जमणं म्हणजे मन कमकुवत असंही नाही आणि खंबीर असंही नाही. उपयोग कुठे दिसलाय? वेदना, शस्त्रक्रियेआधीची भीती, चिंता. आणि पोटाचा एक चिवट विकार, इरिटेबल बॉवेल. व्हॉरवेल या मँचेस्टरच्या डॉक्टरनं १९८४ मध्ये त्यावर चाचणी घेऊन दाखवली, आणि आज तो उपयोग बराच मान्य आहे.

आणि कुठे वापरू नये? भास होतात, वास्तवाचं भान सुटतं अशा आजारात नाही, तिथे मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधं. आणि 'विसरलेल्या आठवणी' उकरायला तर मुळीच नाही. १९८० आणि ९० च्या दशकांत अमेरिकेत याचा हाहाकार झाला. संमोहनात 'आठवलेल्या' अत्याचारांवरून कुटुंबं मोडली, खटले झाले. एलिझाबेथ लॉफ्टससारख्या संशोधकांनी दाखवून दिलं की स्मृती घडवता येते, आणि घडवलेली स्मृती खऱ्याइतकीच पक्की वाटते. पूर्वजन्माची सफर घडवणाऱ्यांबद्दल मी वेगळं काही लिहित नाही. तुम्ही सुज्ञ आहात.

आता वऱ्हाड.

आमच्याकडे मनाचा त्रास झाला तर माणूस कुठे जातो? बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर, होळीच्या यात्रेला, हिंदू-मुसलमान दोघंही. गावातल्या भगताकडे. 'अंगात आलं हाय', 'कोनं काई केलं असन' हे निदान दोन मिनिटांत मिळतं, शेजाऱ्यांना पटतं आणि त्यात वेडाचा शिक्का नसतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं. लोक मूर्ख म्हणून तिथे जात नाहीत. तिथे कुणीतरी ऐकून घेतं म्हणून जातात. वाईट तेव्हा होतं जेव्हा ऐकून घेण्याच्या जागी साखळी, चाबूक आणि मिरचीची धुरी येते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, धुरी देणं हा गुन्हा आहे, तो उगाच नाही.

एक मजेशीर गोष्ट. विदर्भातल्या माझ्या पिढीनं 'स्वसंमोहन' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो बहुधा श्याम मानव यांच्या नावाबरोबर. १९८२ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे हे संस्थापक, बुवाबाजीच्या विरोधात उभे राहणारे, आणि तेच स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेणारे. बुवाही भारतो आणि हेही भारतात, मग फरक काय, असं लोक विचारत. फरक फारियाचाच. बुवा म्हणतो शक्ती माझी. स्वसंमोहन शिकवणारा म्हणतो की हे तंत्र तुझं, घे आणि घरी जा.

पण खरा प्रश्न याहून जड आहे. अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम या जिल्ह्यांची नावं देशाला कळली ती शेतकरी आत्महत्यांमुळे. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, पॅकेज जाहीर झालं. तिथे जाऊन 'डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या' म्हणायचं? कर्ज काही संमोहनानं फिटत नाही. कापसाचा भाव सूचनेनं वाढत नाही. जो कुणी म्हणेल की प्रश्न शेतकऱ्याच्या मनात आहे, तो बदमाश तरी आहे किंवा त्यानं बोंडअळी पाहिलेली नाही. हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे.

तरीही याच भागातला एक अनुभव आक्षेपाच्या पुढे नेतो. साधारण २०११ ते २०१५ या काळात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. त्यातली एक प्रमुख संस्था होती गोव्याची संगथ. १९९६ मध्ये सुरू झालेली, मुक्काम पर्वरी. आणि पर्वरी कुठल्या तालुक्यात? बार्देश! फारियाचाच तालुका. योगायोग आहे, पण मला हसू आलं खरं.

विश्राममध्ये संमोहन नव्हतं, हे स्पष्ट सांगतो. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन ऐकायला, धीर द्यायला, रोजची छोटी कामं पुन्हा सुरू करून द्यायला शिकवलं होतं. गरज पडली तरच पुढे डॉक्टर. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आले. प्रकल्पाआधी नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम ४.३ जणांना मदत मिळत होती. अठरा महिन्यांनी हा आकडा २७.२ झाला. सहा पट! कर्जमाफीशिवाय, मोठ्या हॉस्पिटलशिवाय. दार ठोठावणारा माणूस ओळखीचा होता, त्याची भाषा 'मले-तुले'ची होती, आणि त्यानं 'तुह्या डोक्यात बिघाड हाय' असं म्हटलं नाही, एवढ्यानं.

माझ्या मते फारियाचा वारसा इथे आहे. खुर्चीतल्या 'झोपा!'मध्ये तो अर्धाच आहे. समोरच्या माणसाकडे काहीतरी शिल्लक आहे असं मानून बोलणं, हुकूम न सोडणं, श्रेय त्याचं त्याला देणं. संमोहन हे या वृत्तीचं एक हत्यार. योग्य हातात उपयोगी, चिंतेनं रात्रभर जागणाऱ्या माणसाला झोपेची वाट दाखवणारं, पण एकटं पुरेसं नाही. ज्याच्याकडे फक्त संमोहन आहे आणि बाकी समुपदेशन नाही, त्याच्याकडे जाऊ नये, हा नियम मी मित्रांना सांगतो.

आणि विचारायचे प्रश्न तयार ठेवा. २००३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं संमोहनोपचाराला उपचाराची एक रीत म्हणून हिरवा कंदील दिला तो नोंदणीकृत डॉक्टर किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या माणसासाठी. तेव्हा मूळ शिक्षण काय, हे बेधडक विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो दाखवायला टाळाटाळ झाली तर उठा. 'तीन सत्रांत गॅरंटी' म्हणाला, उठा. चालू गोळ्या बंद करायला सांगितल्या, ताबडतोब उठा. आणि 'माझ्यात शक्ती आहे' असं म्हणाला तर त्याला फारियाचं नाव सांगून उठा!

अकोल्याला २००२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा रुग्णालयांमधून मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो. आणि ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. पुण्या-मुंबईत बसलेल्या आपल्यासारख्यांना दर रविवारी गावी फोन करायची सवय असतेच. पाऊस झाला का, कापूस किती निघाला, हे विचारून होतं. या रविवारी आणखी एक विचारा, 'झोप लागते ना?' आणि उत्तर यायला वेळ लागला तर मध्ये बोलू नका. थांबा, ऐका. नंबर नंतर द्या.